भुंगेऱ्यांच्या रात्री

वळवाचा पहिला मोठा पाऊस होऊन गेला की आमच्या गावात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. गेलेली वीज केव्हा परत येते ही एक, आणि ती आल्यावर दिव्याभोवती भुंगेरे किती जमतात ही दुसरी. मे महिन्याच्या अखेरीची ती संध्याकाळ असते. भिजलेल्या मातीचा वास अजून गेलेला नसतो. देवळासमोरच्या खांबावरचा दिवा लागतो आणि पाच-दहा मिनिटांतच त्याच्याभोवती तांबूस-तपकिरी रंगाचे, बोटाच्या पेराएवढे भुंगेरे गरगरू लागतात. ते भिंतीवर आपटतात, पाठीवर पडून पाय झाडतात, ताटात पडतात, बायकांच्या केसांत अडकतात. घराघरांतून एकच आवाज उठतो, "दिवा मालवा, दार लावा!" तास-दीड तासाने हा गोंधळ ओसरतो. सकाळी अंगणातून मेलेल्या आणि अर्धमेल्या भुंगेऱ्यांचा केर निघतो, कोंबड्या त्यावर ताव मारतात, आणि प्रकरण संपले असे सर्वजण समजतात.

माझ्या मते आपली चूक इथेच होते. चार-सहा रात्री छळणाऱ्या या किड्याकडे आपण केवळ उपद्रव म्हणून पाहतो. उपद्रव डोळ्यांना दिसतो, अंगाला लागतो, जेवणात व्यत्यय आणतो. म्हणून त्याची चीड तत्काळ येते आणि तो थांबला की चीडही विसरली जाते. नुकसान ही गोष्ट निराळी आहे. ते बहुधा नजरेआड, सावकाश आणि आपण दुसऱ्याच कामात गुंतलेलो असताना होत असते. या दोन शब्दांतील अंतर न ओळखल्यामुळे जिथे हात चालवायला हवा तिथे आपण दार लावून बसतो, आणि जिथे दार लावणे पुरेसे असते तिथे विषाचा पंप घेऊन धावतो.

दिव्याभोवती फिरणारा हा भुंगेरा म्हणजे हुमणीचे प्रौढ रूप होय. हुमणी हे नाव शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कुठे तिला उन्नी म्हणतात, कुठे उकरी. परंतु शेतात मुळ्या खाणारी पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची ती अळी आणि देवळासमोरच्या दिव्यावर आदळणारा हा भुंगेरा ही एकाच जीवाची दोन वये आहेत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. मलाही ते पस्तिशी उलटेपर्यंत नीट उमगले नव्हते, हे कबूल केलेले बरे.

माळरानाच्या हलक्या-मध्यम जमिनीत आढळणाऱ्या हुमणीचे शास्त्रीय नाव होलोट्रायकिया सेराटा. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या जमिनीत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा नावाची दुसरी जात आढळते. तिचे वेळापत्रक थोडे वेगळे आहे. आमचे गाव नदीपासून दोन कोस वर, त्यामुळे आमच्या वाट्याला पहिली जात आलेली आहे. तिची वर्षातून एकच पिढी होते. वळवाच्या पावसाने जमीन ओली झाली की मातीत दडून बसलेले भुंगेरे दिवेलागणीला वर येतात, आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांसारख्या झाडांवर जाऊन बसतात. तिथेच ते पाला खातात, तिथेच त्यांचे मीलन होते, आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. काही दिवसांनी माद्या जमिनीत चार-पाच बोटे खोल, एकेक सुटे, साबुदाण्याच्या दाण्यासारखे अंडे घालू लागतात. एका मादीची अंडी सरासरी पन्नास-साठ भरतात. दहा-पंधरा दिवसांत त्यांतून अळी बाहेर पडते. आरंभी ती कुजका पालापाचोळा व कोवळ्या मुळ्या खाते. दोनदा कात टाकून मोठी झाली की ऊस, भुईमूग, सोयाबीन, बाजरी, हळद, आले यांची मुळे ती कुरतडू लागते. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत तिचा हा व्यवसाय जोरात चालतो. पुढे ती खोल जाऊन कोषात जाते. कोषातून भुंगेरा निघतो, पण तो लगेच वर येत नाही. पुढच्या वळवाची वाट पाहत तो महिनोन्महिने मातीतच स्वस्थ पडून राहतो.

म्हणजे वर्षाच्या बारा महिन्यांपैकी हा जीव माणसाच्या हाती लागण्याजोगा असतो तो अवघे काही आठवडे, आणि त्यातही संध्याकाळचे काही तास. नेमके तेच तास आपण दार लावून घालवतो.

आमच्या घरचाच अनुभव सांगतो. २०१८ साली पश्चिम महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत उसावर हुमणीचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. आमचा दीड एकराचा खोडवा होता. श्रावणात पाने पिवळी पडू लागली, तेव्हा वडिलांना वाटले, नत्र कमी पडले असावे. त्यांनी युरिया दिला. पाने पिवळीच राहिली. मग पाणी कमी पडत असेल म्हणून पाळी लवकर दिली. गणपती उठल्यानंतर एके दिवशी त्यांनी वाळू लागलेले एक बेट सहज धरून ओढले, तर ते पेंढीसारखे अलगद हातात आले. खाली मुळ्या नव्हत्याच. उकरून पाहिले तेव्हा एकाच बेटाखाली सात अळ्या निघाल्या. वडील ते बेट हातात धरून बांधावर बराच वेळ उभे राहिले होते. एरवी ते फारसे गप्प बसणारे गृहस्थ नव्हेत.

त्यानंतर जे सर्वजण करतात ते आम्हीही केले. तालुक्याच्या दुकानातून दाणेदार विष आणले, बेटांच्या बुडाशी टाकले आणि पाणी सोडले. दुकानदाराने सांगितले ते प्रमाण, त्यावर आमच्या भीतीने घातलेली भर. पैसे गेले आणि ऊसही गेला. पूर्ण वाढलेली अळी मातीत खोल असते, तिचे अंगही राठ झालेले असते. त्या वयात तिच्यावर औषधाचा प्रभाव फार कमी पडतो. हे ज्ञान आम्हाला पैसे खर्चून मिळाले. निम्म्याहून अधिक खोडवा मोडावा लागला.

ऊस मोडत असताना खुरपणीला येणाऱ्या एक म्हाताऱ्या आजी तिथे होत्या. त्या वडिलांना म्हणाल्या, "तात्या, उन्हाळ्यात दिव्याखाली ढिगानं आलं हुतं, तवा दारं लावून घेतली. आता मुळ्या हुडकाय लागलाय व्हय?" वडील काही बोलले नाहीत. मला मात्र त्या वाक्याने झोप लागू दिली नाही. कृषी महाविद्यालयांच्या पुस्तिकांत जे चार पानांत लिहिलेले असते ते त्या बाईंनी एका दमात सांगितले होते, आणि ते सांगायला त्यांना कोणी विचारले नव्हते, हा त्यातला आणखी एक बोचरा भाग.

विषाबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. हुमणीसाठी वर्षानुवर्षे सर्रास वापरले गेलेले दाणेदार फोरेट हे अत्यंत जहाल कीटकनाशक होते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये काढलेल्या आदेशानुसार त्याचा वापर २०२० च्या अखेरीपासून बंद झाला. ज्या वर्षी आमचा ऊस गेला त्याच वर्षी तो आदेश निघाला होता. आम्हाला अर्थातच त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. ती कीड वेगळी होती, पीक वेगळे होते. परंतु हातात पंप धरणारी माणसे तशीच होती – उघड्या अंगाची, वाऱ्याच्या दिशेचा विचार न करणारी, दिवसाच्या मजुरीवर आलेली. म्हणून 'औषध मारले की झाले' हे वाक्य कोणी सहजपणे उच्चारले की मला प्रथम विचारावेसे वाटते, ते मारणार कोण?

रासायनिक उपाय कधीच करू नये, असे मी म्हणत नाही. लहान अळ्यांच्या काळात, शिफारशीत दिलेल्या प्रमाणात, अंग झाकून तो करावा लागतो असे प्रसंग येतात. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलाव्याच्या दिवसांत शेतात दिली तर अळ्यांना रोग होतो. ती सावकाश काम करते आणि तिला जमिनीत ओल लागते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. उन्हाळ्यातील खोल नांगरट तर आपल्या आजोबांनाही ठाऊक होती. नांगरामागे बगळे, कावळे, साळुंक्या धावतात त्या काही शोभेसाठी धावत नाहीत. ट्रॅक्टरवाल्याला घाई असते म्हणून आता नांगरट रात्री होते आणि पक्ष्यांचे जेवण बुडते. ही गोष्ट कोणाच्या हिशोबात येत नाही.

तरीही या साऱ्यांत मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो उपाय अगदी साधा आहे. वळवानंतरच्या संध्याकाळी झाडावर जमलेले भुंगेरे गोळा करणे. सातच्या सुमारास झाडाखाली जुनी चादर किंवा ताडपत्री अंथरायची, बांबूला आकडी बांधून फांद्या जोराने हलवायच्या, टपटप पडणारे भुंगेरे गोळा करायचे आणि बादलीतल्या पाण्यात टाकायचे. त्या पाण्यात थोडे रॉकेल टाका असे जुन्या पुस्तिका सांगतात. आता रॉकेल घरात सहसा सापडत नाही. कपडे धुण्याची पूड घालून केलेले पाणीही भुंगेऱ्याला वर तरंगू देत नाही. अंडी घालण्यापूर्वी एक मादी सापडली तर जमिनीतली पन्नास अंडी वाचली. सापडलेल्यांत निम्मे नर असतील, निम्म्या अंड्यांतून अळ्या निघाल्याही नसत्या असे धरले तरी, ऑगस्टमध्ये एकेक बेट उकरण्यापेक्षा हा हिशोब पुष्कळ स्वस्त पडतो. पश्चिम महाराष्ट्रातील काही साखर कारखान्यांनी भुंगेरे किलोच्या भावाने विकत घेतले, ते या हिशोबापोटीच.

उपाय इतका सोपा असूनही तो होत का नाही? कारण भुंगेऱ्याला सातबारा वाचता येत नाही. माझ्या कडुनिंबावर बसलेला भुंगेरा तुमच्या शेतातून उठलेला असतो, आणि त्याची मादी अंडी घालायला तिसऱ्याच्याच उसात जाते. मी एकट्याने चार रात्री जागून माझे झाड झाडले, तरी शेजाऱ्याने झाडले नाही तर माझी मेहनत अर्ध्याहून अधिक वाया जाते. उलट सर्वांनी झाडले आणि मी घरी झोपलो, तरी माझा ऊस वाचतो. अशा व्यवहारात घरी झोपणाऱ्याची सरशी होते, आणि मग हळूहळू सगळेच घरी झोपतात. विषाची पिशवी मात्र एकट्याला विकत घेता येते. तिच्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही, भाऊबंदकी विसरावी लागत नाही. आपल्याकडे औषधांचा खप वाढण्यामागे कीड जितकी कारणीभूत आहे तितकाच हा अबोलाही कारणीभूत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही आमच्या शिवारापुरता प्रयत्न केला. पाटाच्या एका बाजूला एकवीस खातेदार आहेत. पारावर बैठक बोलावली, अकरा जण आले. त्यातले दोघे पान खाऊन उठून गेले. एका काकांनी विचारले, "लाखांनी असतात ते. तुम्ही किती वेचणार?" प्रश्न खोटा नव्हता. दुसऱ्या एकाने तोडगा सुचवला की, बांधावरची कडुनिंबाची झाडेच तोडून टाकावी. म्हणजे भुंगेरे येणारच नाहीत. या तोडग्याला चटकन माना डोलू लागल्या, तेव्हा मला प्रथमच भीती वाटली. कडुनिंब तोडला तर भुंगेरे बाभळीवर जातील, बाभूळ तोडली तर बोरीवर, नाही तर आणखी कुठल्या झाडावर. शिवाय शत्रू रोज ठराविक वेळेला ठराविक जागी येऊन बसतो, ही केवढी मोठी सोय आहे! ती जागाच मोडून टाकली तर मग त्याला शोधायचे कुठे? हे मी जमेल तसे सांगितले. झाडे वाचली, ती माझ्या युक्तिवादामुळे की करवतवाल्याला द्यावे लागणारे पैसे आठवल्यामुळे, हे सांगता येत नाही.

पहिल्या मोठ्या पावसानंतर आम्ही सात घरची माणसे बाहेर पडलो. पायांत बूट, हातात विजेरी. कारण पावसाच्या पहिल्या रात्री विंचू आणि साप यांच्याही असतात. मुलांना विहिरीच्या बाजूला जाऊ द्यायचे नाही असे ठरले होते. मजुरीवर बायका बोलावल्या होत्या, त्यांत त्या आजीही होत्या. संध्याकाळच्या दोन तासांचे शंभर रुपये ठरले. इथे एक वाद झाला, तोही लिहितो. ज्यांच्या बांधावर झाडे होती त्यांचे म्हणणे, मजुरी सर्वांनी वाटून द्यावी. ज्यांच्याकडे झाडे नव्हती ते म्हणाले, झाड ज्याचे त्याने द्यावी. वस्तुतः झाडवाला सर्वांचेच भुंगेरे आपल्या झाडावर गोळा करून देत होता! शेवटी एकराप्रमाणे वर्गणी ठरली. दोघांची वर्गणी अजून यायची आहे. त्या बायकांना मात्र त्याच रात्री पैसे दिले, कारण त्या संध्याकाळी घरची चूल सोडून आल्या होत्या.

सलग चार रात्री, नंतर आठ दिवसांनी दुसरा पाऊस झाल्यावर आणखी दोन रात्री, असे काम चालले. पहिल्या रात्री तीन बादल्या भरल्या. सहाव्या रात्री एक बादली बुडापर्यंतही भरली नाही. त्या वर्षी आमच्या बाजूच्या उसात हुमणी कमी लागली, हे खरे. परंतु त्या वर्षी पाऊसही भरपूर झाला आणि शेतात बरेच दिवस पाणी साचून राहिले. तेव्हा श्रेय किती आमचे आणि किती पावसाचे, हे मोजण्याचे साधन आमच्याकडे नव्हते. मी ते सारे स्वतःकडे घेणार नाही. एवढे निश्चित की, त्या वर्षी आमच्या सात घरांत विषाची एकही पिशवी आली नाही.

प्रकाश सापळ्याचा आग्रह आता पुष्कळ ठिकाणी धरला जातो. दिवा, त्याखाली साबणाच्या पाण्याचे घमेले, एवढीच त्याची रचना. तो लावावा, पण तो रात्रभर जळता ठेवण्याची जी पद्धत पडली आहे ती मला मान्य नाही. हुमणीचे भुंगेरे अंधार पडल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांतच उडतात. त्यानंतरही दिवा जळत राहिला तर घमेल्यात पडतात ते निरपराध जीव – शेण गाडून जमीन भुसभुशीत करणारे शेणकिडे, इतर किड्यांची शिकार करणारे भुंगे, फुलांवर जाणारे पतंग. सकाळी भरलेले घमेले पाहून समाधान वाटते. पण त्यात मित्र किती आणि शत्रू किती हे कोणी निवडून पाहत नाही. नऊ वाजता दिवा बंद करावा, एवढे साधे पथ्य पाळले तरी पुरे. लहानपणी आम्ही हिरवा चकाकणारा सोनकिडा काड्याच्या पेटीत बाभळीचा पाला घालून पाळत असू. तोही भुंगेऱ्यांच्याच गोतातला. गोत एक असले तरी साऱ्यांचे गुन्हे एक नसतात. उकिरड्यात सापडणारी गलेलठ्ठ पांढरी अळी पुष्कळदा गेंड्या भुंग्याची असते. ती कुजलेले शेण खाते, उसाच्या मुळ्या नव्हे. तिला हुमणी समजून लोक अख्खा उकिरडा विषाने भिजवतात. आणि गेंड्या भुंगा स्वतः काही साधू नव्हे. नारळाच्या बागा असलेल्या कोकणी माणसाला विचारून पाहा.

उपद्रव आणि नुकसान यांतील फरक आणखी स्पष्ट व्हायचा असेल तर केरळकडे पाहावे. तिथल्या रबराच्या मळ्यांच्या परिसरात एक लहानसा काळपट भुंगेरा आहे, ल्युप्रोप्स ट्रिस्टिस. त्रिशूर जिल्ह्यातील मुप्लियम या गावावरून त्याला मुप्ली म्हणतात. रबराच्या गळलेल्या पानांवर तो जगतो आणि वाढतो. उन्हाळी पाऊस सुरू झाला की तो मळ्यातून उठून दिव्यांच्या रोखाने जवळच्या घरांत शिरतो. एकेका घरात लाखांच्या संख्येने शिरतो आणि कौलांखाली, छताच्या फटींत, भिंतींच्या कोपऱ्यांत थर करून कित्येक महिने झोपून राहतो. तो चावत नाही, पिकाचे काही बिघडवत नाही. पण चिरडला किंवा डिवचला की उग्र वासाचा, कातडीची आग करणारा द्रव सोडतो. अंथरुणात तो, कपड्यांत तो, पाण्याच्या हंड्यात तो! आमच्या हुमणीने उसाच्या मुळांवर जे केले ते या किड्याने माणसांच्या झोपेवर केले आहे. इथे शेतात काही करण्यासारखे थोडेच. घराचे दिवे त्या दिवसांत संध्याकाळी बंद ठेवणे, फटी बुजवणे, मळ्याची बाजू आणि घराची बाजू यांत अंतर राखणे, हाच मार्ग. तिथे दार लावणे हाच पुरुषार्थ आहे.

तसाच एक बारीक, लांबट, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा भुंगेरा पावसाळ्यात दिव्यावर येतो, तो पेडेरस. तो मानेवर बसला की आपला हात आपोआप त्याला चिरडतो, आणि दुसऱ्या दिवशी तिथे भाजल्यासारखा फोड येतो. कारण त्याच्या अंगातच दाहक विष असते. २०२२ च्या पावसाळ्यात सिक्कीममधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील शंभरच्या आसपास विद्यार्थ्यांना या किड्याचा त्रास झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याला फुंकर घालून उडवावे किंवा कागदावर चढवून दूर करावे, लागलेली जागा साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्याला लावू नये. यापलीकडे त्याच्याशी युद्ध करण्याची गरज नाही. पण आमच्याकडे सोसायटीच्या आवारात धुराची गाडी फिरवल्याशिवाय कोणाला काही केल्यासारखे वाटत नाही. खांबांवरचे पांढरेशुभ्र दिवे बदलून पिवळसर दिवे लावले तर किडे कमी येतात, ही गोष्ट मी एका परिचितांच्या सोसायटीत सांगितली तेव्हा, "पिवळ्या दिव्याने शोभा जाते," असे उत्तर मिळाले.

राजस्थानातील शेतकऱ्यांकडून मात्र आपण शिकायला हवे. तिथे भुईमुगाला आणि बाजरीला हुमणीची दुसरी एक जात लागते, आणि तिचे भुंगेरे खेजडी, बोर, कडुनिंब यांवर जमतात. जयपूरजवळच्या दुर्गापुरा येथील कृषी संशोधन केंद्रातून हुमणीवर दीर्घकाळ काम झाले. या भुंगेऱ्यांना एकमेकांकडे ओढणारा जो गंध असतो त्याचे रसायन शोधले गेले, आणि ते थोड्या निवडक झाडांवर टांगून विखुरलेले भुंगेरे तिथे गोळा करायचे, मग तेवढ्याच झाडांवर उपाय करायचा, ही रीत पुढे आली. साऱ्या शिवारात धावण्याऐवजी शत्रूला आपल्या अंगणात बोलवायचे, ही कल्पना मला फार आवडते. पण तीही एकट्याने करायची नाही. एकट्याने गंध टांगला तर गावाचे भुंगेरे आपल्याच शेतात बोलावल्यासारखे होईल.

ग्रामपंचायतीने याबाबत काय करावे, असा प्रश्न मला विचारला जातो. वळवाच्या पहिल्या पावसाच्या संध्याकाळी दवंडी द्यावी – आता दवंडी म्हणजे मोबाइलवरचा निरोप. त्या आठवड्यापुरते शिवाराकडच्या बाजूचे रस्त्यावरचे दिवे दोन तास बंद ठेवावे आणि पारावर एकच मोठा दिवा लावून त्याखाली पाण्याची टाकी ठेवावी. विजेची तार पाण्यात लोंबणार नाही याकडे जाणत्या माणसाने लक्ष द्यावे. वेचणाऱ्या बायकांची मजुरी पंचायतीने द्यावी. रस्त्याला खडी टाकायला पैसे मिळतात, तर जमिनीतली मुळे वाचवायला का मिळू नयेत? माझ्या या मागणीवर एका सभासदाने, "किडे वेचण्याची बिले लेखापरीक्षणात कशी दाखवायची?" असे विचारले होते. त्यांची अडचण मी समजू शकतो, पण तिच्यापुढे मान तुकवायला तयार नाही.

आमचे वडील आता नाहीत. मे महिना आला की मी ती चादर, आकडीचा बांबू आणि दोन बादल्या पडवीत काढून ठेवतो. एकवीस खातेदारांपैकी गेल्या वर्षी चौदा जण आले. आमच्या बाजूला सर्वांत जास्त भुंगेरे जमतात तो कडुनिंब मात्र अजून आमच्या आवाक्यात नव्हता. त्याचे मालक नोकरीसाठी पुण्यात असतात, रान पडीक आहे आणि भोवती तारेचे कुंपण आहे. यंदा मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "एवढा त्रास होत असेल तर झाड तोडून टाका ना, माझी हरकत नाही." मी म्हटले, "झाड राहू द्या, आम्हाला फक्त संध्याकाळचे आत जाऊ द्या." ते थोडा वेळ थांबले, मग हसले. फाटकाची किल्ली त्यांनी एस.टी. थांब्याजवळच्या किराणा दुकानात ठेवायला सांगितली आहे.